माझ्या डिस्कसची पिल्लं अंगावर पितायत, आणि तीही बापाच्या!

तळ्यातमळ्यात (रविवार, सकाळी ८:१०)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे दीड वर्षापासून डिस्कसची एक जोडी आहे. डिस्कस म्हणजे तो गोल चपटा मासा, बाजूने बघितला तर बशी आणि समोरून बघितला तर उभी धरलेली पोळी. ह्या जोडीने आत्तापर्यंत तीनदा अंडी घातली. पहिल्यांदा नवरा-बायकोने मिळून खाऊन टाकली, दुसऱ्यांदा बुरशी लागली, तिसऱ्यांदा पिल्लं बाहेर आली पण मी शहाणपणा करून त्यांना वेगळ्या टँकमध्ये हलवलं आणि चार दिवसांत सगळी गेली. ह्यावेळी ठरवलं की काही करायचंच नाही. टँकला तीन बाजूंनी वर्तमानपत्र चिकटवलं, रात्रभर एक छोटा दिवा चालू ठेवला आणि हात बांधून बसलो.

काल संध्याकाळी पिल्लं पोहायला लागली. आज सकाळी चहा घेऊन समोर बसलो तर साठ-सत्तर पिल्लं सगळीच्या सगळी नराच्या दोन्ही बाजूंना लगडलेली, खवल्यांवरून टुकटुक काहीतरी खुडतायत आणि तो बिचारा कल्ले हलवत स्थिर उभा. आईला हाक मारली. तिने चष्मा पुसला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली "अरे अंगावर पितायत ती". मी म्हटलं आई तो बाप आहे. तर म्हणे "मग काय झालं, पाजतोय ना?"

आईला काही माहीत नव्हतं पण बोलली ते शब्दशः खरं आहे. आपण बाळ 'अंगावर पितं' म्हणतो, इथे ते अक्षरशः अंगावरच पितं. अंडी घालायच्या सुमाराला डिस्कसच्या नर-मादी दोघांच्याही त्वचेवरचा चिकट थर दाट व्हायला लागतो. पिल्लांचं पहिलं अन्न तेच. आमच्यासारख्यांनी पूर्वी जगभर हाच घोळ घातला, मासे अंडी खातात म्हणून अंडी बाजूला काढायची आणि मग पिल्लं उपाशी मरायची. डिस्कस १९३० च्या दशकात युरोप-अमेरिकेत टँकमध्ये आला, पण ह्या अंगावर पाजण्यावर शास्त्रीय लेख आला तो १९५९ साली, हिल्डेमन नावाच्या माणसाचा, अमेरिकन नॅचरलिस्ट नावाच्या शास्त्रीय नियतकालिकात. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं किती पिल्लं गेली असतील विचार करा, त्यात माझी तिसरी खेप धरा!

जगात असं करणारा हा एकमेव मासा आहे. फोटो काढत नाहीये, फ्लॅश दिसला की नर बिथरतो. रोज इथे अपडेट टाकीन.

वरणफळ (रविवार, ८:४०)

पहिला! बाप पाजतोय हे वाचून आमच्या घरी धागा मोठ्याने वाचला गेला आणि माझ्याकडे सूचक नजरेने बघण्यात आलं. तुमच्यामुळे आज दुपारची भांडी माझ्याकडे. धन्यवाद.

पीएच_सात (रविवार, ९:०५)

भारी दादा. मला पण डिस्कस घ्यायचाय, माझ्याकडे दोन फुटी टँक आहे, त्यात गप्पी आणि दोन गोल्डफिश आहेत. कुर्ल्याला रविवारी मिळतात ना? एकच घेतला तर चालेल का?

तळ्यातमळ्यात (रविवार, ९:१५)

@पीएच_सात, नको रे बाबा. हा कळपातला मासा आहे, एकटा ठेवला की कोपऱ्यात काळा पडून बसतो आणि खात नाही. पाच-सहा तरी हवेत आणि त्यांना दोन फुटी म्हणजे लोकलचा फर्स्ट क्लास झाला, दिसायला वेगळा पण गर्दी तीच. शिवाय ह्याला पाणी २८ ते ३० अंश लागतं, गोल्डफिश त्यात शिजेल. आधी चार फुटी घे, मग बोलू.

सुलभाताई_क (रविवार, ११:३०)

छान धागा. तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलंय, त्यामुळे खोड जात नाही, एक दुरुस्ती करते, रागावू नका.

'जगात एकमेव' हे बरोबर नाही. डिस्कस ज्या सिक्लिड कुळातला आहे त्या कुळात आई-बापाच्या अंगावरचा चिकटा खुडणारी पिल्लं बरीच आहेत. डिस्कसचा सख्खा शेजारी म्हणावा असा उआरू नावाचा मासा अ‍ॅमेझॉनमध्येच आहे, तोही करतो. पण गंमत म्हणजे ह्यातलं एक उदाहरण आपल्या घराजवळचं आहे! केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आणि श्रीलंकेत एक छोटा पिवळसर-नारिंगी मासा असतो, केरळात त्याला पल्लत्ती म्हणतात, इंग्रजीत ऑरेंज क्रोमाइड. त्याची पिल्लं आई-बापाच्या अंगावर येऊन हलकेच टोचा मारून जातात, त्यावर १९६७ मध्ये वॉर्ड आणि बार्लो ह्या दोघांनी अगदी बारकाईने काम केलेलं आहे.

फरक असा की पल्लत्तीची पिल्लं इतरही खातात, अंगावरचं हे वरचं. डिस्कसच्या पिल्लांचं सुरुवातीला सगळंच त्यावर चालतं. त्यामुळे 'एकमेव' नको, 'सगळ्यात जास्त अवलंबून' म्हणा.

तळ्यातमळ्यात (रविवार, ११:४२)

ताई रागावतो कसला, उलट बरं झालं. 'एकमेव' मागे घेतलं.

खाडीकर (रविवार, दुपारी २:२०)

ताई हा पल्लत्ती म्हणजे आपल्या काळुंदराचा भाऊ का? आमच्याकडे खाडीत काळुंदर मिळतो, चपटा, अंगावर पांढरे ठिपके, काटेरी पण चवीला एक नंबर. गोव्यात पण काळुंदरच म्हणतात.

सुलभाताई_क (रविवार, २:५०)

बरोबर ओळखलंत, भाऊच. काळुंदर म्हणजे केरळातला करीमीन, पर्ल स्पॉट. दोघेही सिक्लिड. भारतात मूळचे सिक्लिड इतकेच, बोटावर मोजण्याएवढे, म्हणून तर गंमत. आणखी एक सांगते, पल्लत्तीची लहान पोरं काळुंदराच्या अंगावरची घाण खुडून साफ करून देतात, न्हाव्यासारखी. तेही नोंदवलेलं आहे.

आता बघा, हे कुळ आहे कुठे कुठे? दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, आणि भारत-श्रीलंका. नकाशावर बोट ठेवलंत तर हे सगळे तुकडे एकेकाळी एका जागी जोडलेले होते, गोंडवन. आपल्या काळुंदर-पल्लत्तीचे सगळ्यात जवळचे नातेवाईक आफ्रिकेत नाहीत, मादागास्करात आहेत. त्यामुळे एका गटाचं म्हणणं की खंडं फुटली आणि मासे त्यांच्याबरोबर गेले. दुसरा गट म्हणतो की सिक्लिडचे जुन्यात जुने जीवाश्म टांझानियातले, साधारण साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे, आणि आफ्रिका-दक्षिण अमेरिका वेगळी झाली त्याला दहा कोटी वर्षं होत आली, मग मधली साडेपाच कोटी वर्षं हे मासे होते कुठे? ते नंतर समुद्र ओलांडून गेले असणार. काळुंदर खाडीच्या खाऱ्या पाण्यात मजेत राहतो हे त्यांच्या बाजूचं. वाद मिटलेला नाही आणि मला स्वतःला पहिली बाजू आवडते, पण आवडणं हा काही पुरावा नव्हे.

खाडीकर (रविवार, ३:०५)

म्हणजे आम्ही तळून खातो तो ह्यांच्या पाच हजाराच्या माशाचा चुलत भाऊ. मस्त.

अवांतर: तिकडे उजनीत जी चिलापी माजलीय ती पण ह्याच कुळातली ना?

सुलभाताई_क (रविवार, ३:१२)

हो, चिलापी म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतला सिक्लिड. माणसाने आणून सोडलेला. तीही पोरांना जपते, काही जाती तर तोंडात धरतात, म्हणूनच एकदा तळ्यात शिरली की हटत नाही.

शंकासुर (रविवार, रात्री १०:१५)

धागा रंजक आहे पण 'दूध', 'पाजणं' वगैरे शब्द खटकले. मासा हा सस्तन प्राणी नाही. स्तन नाही, ग्रंथी नाही, दूध नाही. सगळ्याच माशांच्या अंगावर चिकटा असतो, पिल्लांनी खाल्ला तर त्यात एवढं काय? उगाच माणसाच्या भावना माशावर लादू नयेत.

तळ्यातमळ्यात (रविवार, रात्री १०:५०)

शंकासुरजी, मी 'दूध' म्हटलंच नाहीये, 'अंगावर पितायत' म्हटलंय, आणि तेही आईने. पण मुद्दा घ्या. सगळ्या माशांच्या अंगावर चिकटा असतो हे खरं, पण डिस्कसचा हा चिकटा पोरं असताना बदलतो. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथचे आणि ब्राझीलमधल्या मनाउसचे संशोधक मिळून त्यांनी हे मोजलं. अंडी घातली की चिकट्यातली प्रथिनं वाढतात, अँटिबॉडीज वाढतात, हे प्रमाण पिल्लं पोहायला लागल्यावर चढं राहतं आणि तिसऱ्या आठवड्याच्या आसपास उतरायला लागतं. आधी पोषण आणि संरक्षण, मग हळूहळू बंद. गाईच्या चिकाची आठवण येते की नाही सांगा.

आणि अजून एक, ह्या चिकट्यामागे प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन आहे असं १९६० च्या दशकातच दिसलं होतं. हे तेच प्रोलॅक्टिन, जे बाईच्या अंगात दूध आणतं. आता बोला.

शंकासुर (रविवार, रात्री ११:०५)

प्रोलॅक्टिनचा मुद्दा माहीत नव्हता, मान्य. पण कबुतराचंही 'दूध' म्हणतात आणि तेही दूध नसतं.

सुलभाताई_क (सोमवार, सकाळी ७:२०)

शंकासुर, कबुतराचं उदाहरण तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध दिलंत! तिथेही नर-मादी दोघं भरवतात आणि तिथेही मागे प्रोलॅक्टिनच असतं. शरीर काही पुस्तकातल्या व्याख्या वाचून चालत नाही, हाताशी जे आहे ते वापरतं. सस्तनाने घामाच्या ग्रंथीतून काहीतरी केलं, कबुतराने अन्नाच्या पिशवीतून, डिस्कसने कातडीतून. तरी तुमचा शब्दाचा आग्रह मला आवडला, वर्गात असे दोन विद्यार्थी असले की तास चांगला जायचा. हलके घ्या.

वरणफळ (सोमवार, ९:३०)

आजचा शब्द: प्रोलॅक्टिन. घरी उच्चारू नये. भांडी वाढतात.

तळ्यातमळ्यात (मंगळवार, रात्री ९:००)

अपडेट, पोहायला लागल्याचा चौथा दिवस. पिल्लं ५५ च्या आसपास, मोजता येत नाहीत, हलतात.

आज बदली बघितली! म्हणजे असं, नराच्या अंगावर सगळी पोरं, दहा-पंधरा मिनिटं झाली की तो मादीच्या जवळ जातो आणि एकदम अंगाला झटका देऊन बाजूला सटकतो. पोरं क्षणभर गोंधळतात आणि समोर दिसली ती मादी म्हणून तिला जाऊन चिकटतात. मग हा टँकच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मोकळा श्वास घेतो, थोडं खातो. थोड्या वेळाने ती झटका देते. आईचं म्हणणं, तुझ्या वेळी तुझ्या बाबांनी असा एक झटका जरी स्वतःकडे घेतला असता तरी पुरे होतं.

रंग पण गडद झालेत दोघांचे. अंगाचा रंग गडद असला की पिल्लांना आई-बाप पटकन सापडतात. म्हणूनच ते फिकट पिवळे, पांढरे डिस्कस मिळतात ना फार्ममधले, त्यांची पोरं कधीकधी आई-बाप सोडून काळ्या फिल्टरला जाऊन चिकटतात. माणसाने रंग काढला आणि पोरांचा पत्ता हरवला.

चाकणवासी (मंगळवार, रात्री ११:४५)

एरवी नुसता वाचतो, पण हा धागा बघून लॉगिन केलं कारण मी मनाउसला जाऊन आलोय. लोकांना वाटतं अ‍ॅमेझॉन म्हणजे फक्त जंगल, पण मनाउस वीस लाखांवर लोकसंख्येचं, कारखान्यांचं शहर आहे. बजाजची फॅक्टरी पण २०२४ मध्ये तिकडे सुरू झाली. मी एका व्हेंडरकडे आहे, नाव नको, कामासाठी गेलो होतो.

पहिल्या रविवारी तिकडच्या मित्राने बोटीत घालून दोन नद्यांचा संगम दाखवला. एका बाजूने रिओ नेग्रो, पाणी कोऱ्या चहासारखं, आणि दुसऱ्या बाजूने सोलिमोएस, पावसाळ्यातल्या आपल्या इंद्रायणीसारखी गढूळ. आणि दोघी एकमेकींत मिसळत नाहीत, सहा-एक किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात, मधे स्पष्ट रेघ. मी हात घातला तर काळं पाणी कोमट आणि गढूळ पाणी गार लागलं. एक ऐकलेली गोष्ट खरी निघाली, काळ्या नदीवर डास फार कमी.

मग बंदरावर गेलो. तिथे भिंतीवर दरवर्षी पाणी किती चढलं त्याची खूण करून ठेवलीये, पूररेषा. नदी वर्षात दहा-दहा मीटर चढते-उतरते. तीन मजली बिल्डिंग! म्हणून तिथला धक्काच तरंगता आहे, एका इंग्रज कंपनीने बांधलेला. सगळ्यात वरची खूण २०२१ ची, ३० मीटरची. मी विचारलं एवढं पाणी चढलं की मासे कुठे जातात, तर मित्र म्हणाला "जंगलात". मला वाटलं चेष्टा करतोय.

तळ्यातमळ्यात (बुधवार, सकाळी ७:५०)

चाकणवासी, तुम्ही इतके दिवस नुसते वाचत होता हा गुन्हा आहे!

आणि मित्र चेष्टा करत नव्हता. डिस्कसचं सगळं आयुष्य त्या चढ-उतारावर आहे. पाणी उतरलेलं असताना हे मासे तळ्यांच्या, ओढ्यांच्या काठाला पाण्यात पडलेल्या झाडांच्या फांद्यांमध्ये गोळा होतात, कधी शेकड्याने. तिकडे ह्या फांद्यांच्या जाळीला गल्यादा म्हणतात. आता कळतं ना शरीर असं पोळीसारखं का? दोन फांद्यांमधल्या फटीतून उभं राहून सहज सरकायला. आणि अंगावरचे उभे नऊ पट्टे म्हणजे फांद्यांच्या सावल्या, पिरान्हा नाहीतर बगळ्याला पटकन दिसायला नको.

पाणी चढायला लागलं की कळप फुटतो, जोड्या होतात आणि मासे बुडालेल्या जंगलात शिरतात. झाडाच्या खोडावर, पानावर उभ्या पृष्ठभागावर अंडी घालतात. म्हणजे जिथे उन्हाळ्यात माकड बसलं होतं त्या फांदीवर पावसाळ्यात डिस्कस पोरं वाढवतोय. पुराने सगळे मोठे शिकारी मासे लांबवर पांगतात, जागा भरपूर होते, पोरांना वाढायला चार-पाच महिने मिळतात, आणि पुढच्या पुरापर्यंत ती स्वतः अंडी घालण्याएवढी झालेली असतात.

आपल्याकडे सगळे ह्याला ब्लडवर्म (लाल अळ्या) आणि कोलंबी-चिकन हार्टचा खिमा घालतात (मी पण), पण तिकडे पोटात सापडतं ते मुख्यतः फांद्यांवरचं शेवाळ, कुजकी पानं, गाळ, बारीक किडे. आतडं लांब आहे, शाकाहाऱ्यासारखं. आपण बटाट्याच्या भाजीवर वाढलेल्याला रोज मटण घालतो आणि मग म्हणतो ह्याचं पोट बिघडतं.

एक शंका, चाकणवासींनी पाहिलं ते काळं पाणी हेच डिस्कसचं घर ना?

सुलभाताई_क (बुधवार, १०:१०)

अर्धं बरोबर. निव्वळ काळ्या पाण्यातला म्हणावा तो हेकेल डिस्कस, रिओ नेग्रो आणि तशाच काही नद्यांतला. त्याच्या नऊ पट्ट्यांतला पहिला, पाचवा आणि नववा ठळक असतो, त्यातला मधला तर जाड काळा, एकदा बघितला की विसरत नाही. तिथलं पाणी इतकं मऊ की जवळपास पावसाचंच, आणि आम्ल, पीएच ४ ते ५. बाकीचे, पश्चिमेकडचा हिरवा आणि मधल्या-खालच्या अ‍ॅमेझॉनमधला निळा-तपकिरी, हे गढूळ नद्यांच्या काठच्या तळ्यांत, निवळ पाण्यातही असतात.

जाती नक्की किती, दोन की तीन, आणि कुणाला काय नाव, ह्यावर शास्त्रज्ञांची भांडणं आहेत. २००६ आणि २००७ ला लागोपाठ दोन लेख आले आणि एकाने ज्याला जे नाव दिलं ते दुसऱ्याने भलत्यालाच दिलं. मी त्यात पडत नाही.

हेकेलची गोष्ट मात्र सांगते. हा हेकेल व्हिएन्नाच्या संग्रहालयातला माणूस, ब्राझीलला कधी गेलाच नाही. मासे पकडले ते योहान नाटररने. ऑस्ट्रियाची राजकन्या लग्न होऊन ब्राझीलला निघाली, तेव्हा १८१७ मध्ये तिच्याबरोबर संशोधकांचा जथा पाठवला, त्यात हा. बाकीचे काही वर्षांत परतले, हा १८३५ पर्यंत तिथेच. अठरा वर्षं! हजारो पक्षी, मासे, कीटक पेट्या भरभरून पाठवले. हेकेलने १८४० मध्ये डिस्कसचं वर्णन छापलं, आणि तो नमुना कुठला? बारा दो रिओ नेग्रो, म्हणजे आजचं मनाउस. चाकणवासी, तुम्ही त्याच घाटावर उभे होतात.

नाटररने स्वतः फारसं काही छापलं नाही. १८४३ ला गेला, आणि १८४८ च्या क्रांतीत व्हिएन्नाला आग लागली त्यात त्याच्या वह्यांचा बराच भाग जळाला. नाव लागलं ते हेकेलचं. मला हे नेहमी लागतं.

चाकणवासी (बुधवार, दुपारी १:३०)

अंगावर काटा आला ताई. बाकी त्या बंदरावर कुणी नाटररचं नाव काढलं नाही, आईस्क्रीम मात्र चांगलं मिळालं.

पीएच_सात (बुधवार, दुपारी ४:००)

पीएच ४ ते ५ म्हणजे मी नाव बदलू का? 😀 आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ६०० आहे, मग इथे डिस्कस जगतो कसा?

तळ्यातमळ्यात (बुधवार, संध्याकाळी ७:१५)

दुकानात मिळतो तो पन्नास-साठ वर्षं मलेशिया, थायलंड, जर्मनीच्या फार्ममध्ये पिढ्यान् पिढ्या वाढलेला. पेनांगची फार्म तर डिस्कससाठी प्रसिद्धच. तो नळाचं पाणी सोसतो, पण अंडी फुटायला मऊ पाणी लागतं, कडक पाण्यात सहसा फळत नाहीत. मी अर्धं आरओ, अर्धं मुनसिपाल्टीचं करतो.

आणि एक फुकटची टीप, बिल्डिंगखाली देशी बदामाचं झाड आहे ना, लाल होऊन पडलेली पानं वेचा, धुवा, वाळवा, दोन-तीन टँकमध्ये टाका. दोन दिवसांत पाणी चहासारखं होतं. रिओ नेग्रो काळी आहे ती पण अशीच, कुजलेल्या पानांच्या टॅनिनने. दुकानदार हीच पानं 'कटप्पा लीफ' म्हणून दहाचं पाकीट दीडशेला विकतो.

वरणफळ (बुधवार, ७:४०)

कटप्पाने मारलं कुणाला ते कळलं. तुमच्या खिशाला.

खाडीकर (गुरुवार, सकाळी ६:३०)

प्रश्न आहे. तिकडून जे जंगली मासे पकडून विकतात त्याने मासे संपत नाहीत का? आमच्याकडे पर्ससीनच्या मोठ्या जाळीवाल्यांनी काय केलं बघतोय आम्ही.

सुलभाताई_क (गुरुवार, ९:००)

प्रश्न योग्य आहे पण उत्तर उलटं आहे. रिओ नेग्रोवर बार्सेलोस नावाचं गाव आहे, तिथली कितीतरी कुटुंबं शोभेच्या माशांवर जगतात. मुख्य मासा कार्डिनल टेट्रा, मग डिस्कस. डिस्कस रात्री पकडतात, लहान होडी, बॅटरी आणि हातजाळी, उजेडात मासा स्थिर राहतो. एकेक मासा. यंत्र नाही, ट्रॉलर नाही. गावात शोभेच्या माशांचा उत्सव असतो, त्यात दोन टोळ्या, एक कार्डिनलची आणि एक डिस्कसची, नाचगाण्याची चढाओढ लावतात.

१९८९ पासून तिथे प्रोजेक्ट पियाबा नावाचं काम चालतं, त्यांचं म्हणणं असं की मासे विकून पोट भरतंय तोवर माणूस जंगल तोडणार नाही, कारण जंगल बुडतं म्हणून मासे होतात हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आता फार्ममध्ये मासे तयार व्हायला लागले, जंगली माशाला गिऱ्हाईक कमी झालं, आणि ह्या माणसांचं उत्पन्न घटलं. फार्मचा मासा घेतला की निसर्ग वाचला असं मी विद्यार्थ्यांना बरीच वर्षं सांगत असे. आता नाही सांगत.

पर्ससीनशी तुलना मात्र करू नका, तिथे तुमचं बरोबरच आहे.

चाकणवासी (गुरुवार, रात्री १०:२०)

पाण्याचं मला सांगायचं राहिलं. तिथले लोक आता पुरापेक्षा दुष्काळाचं बोलतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मनाउसला नदी कधी नव्हे इतकी खाली गेली, १३ मीटरच्याही आत, आणि लगेच २०२४ ला तोही रेकॉर्ड मोडला. २०२१ ला ३० आणि तीन वर्षांनी १२! माझा मित्र म्हणाला त्याच्या सासूच्या गावी होड्या चिखलात रुतल्या होत्या, पिण्याचं पाणी डोक्यावरून आणत होते. नद्यांच्या गावात.

तळ्यातमळ्यात (गुरुवार, रात्री ११:००)

हो, आणि २०२३ लाच अ‍ॅमेझॉनमधल्या तेफे तळ्यात पाणी ३९ अंशांच्या वर गेलं, दीडशेहून जास्त डॉल्फिन मेले, ती बातमी आठवत असेल. तेफे हे नाव डिस्कसवाल्यांना तोंडपाठ असतं, लाल ठिपक्यांचा हिरवा डिस्कस तिथलाच. मी माझ्या हीटरचा थर्मोस्टॅट ३१ च्या वर गेला तर रात्री उठतो. ती बातमी वाचली तेव्हा डॉल्फिनचं सगळ्यांनी लिहिलं, काठच्या फांद्यांमध्ये काय झालं असेल ते कुणी लिहिलं नाही.

शंकासुर (शुक्रवार, सकाळी ८:१५)

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

शंकासुर (शुक्रवार, ८:२०)

उपरोधाने काहीतरी लिहिलं होतं, काढलं. पिल्लं कशी आहेत?

तळ्यातमळ्यात (शुक्रवार, रात्री ९:३०)

बरी आहेत, विचारल्याबद्दल आभार. सातवा दिवस, ५० तरी आहेत. आजपासून आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) द्यायला सुरुवात केली, पोटं नारिंगी दिसतात खाल्ल्यावर. पण खाऊन झालं की परत अंगावर. वरण-भात झाला तरी शेवटी आईच लागते तसं. एक वाचलं, २०१७ मध्ये अभ्यास झाला त्यात दिसलं की आई-बापाच्या चिकट्यातले जिवाणू पिल्लांच्या आतड्यात जातात. म्हणजे जेवणाबरोबर विरजणही देतात.

तळ्यातमळ्यात (पुढचा गुरुवार, रात्री ८:४०)

तेरावा दिवस. ४६, आज नीट मोजली, फोटो काढून फोटोवर टिंबं देत. पिल्लं अजून लांबट आहेत, साधी माशासारखी. आई-बापाची अंगं मात्र ओरबाडल्यासारखी दिसायला लागलीत, मादीच्या पाठीवर पांढरट चट्टा. तिच्या कडेला गेलं की ती आता लगेच झटका देते, नर अजून उभा राहतो.

सुलभाताई_क (गुरुवार, ९:१५)

चट्ट्यावर औषध टाकायची घाई करू नका, पोरं तेच खातायत हे विसरू नका. पाणी बदला फक्त.

तळ्यातमळ्यात (गुरुवार, ९:२०)

टाकणारच होतो. बाटली हातात होती ताई. ठेवली.

तळ्यातमळ्यात (त्यापुढचा रविवार, सकाळी ९:०५)

तेविसावा दिवस. ४४. पिल्लं गोल व्हायला लागली, चार आण्याच्या नाण्याहून लहान बशा.

दूध तोडायला सुरुवात झालीये (शंकासुर, शब्द तसाच ठेवतोय). ह्या तीन-चार दिवसांत मोठे दोघं पोरांपासून चक्क पळतात. ४४ जणांची वरात मागे आणि हा पुढे, काचेला वळसा, परत वळसा. पोरांना इतर खाणं मिळतंय, भूक नाहीये, तरी मागे लागतात. मादीने तर पूर्ण हात वर केलेत, ती टँकच्या उजव्या कोपऱ्यात वरती राहते आणि कुणी आलं तर सरळ निघून जाते.

काल रात्री मधे काचेच्या मापाची जाळी बसवली, पोरं एका बाजूला, मोठे एका बाजूला. आईने विचारलं एवढ्यात कशाला, मी म्हटलं त्यांच्या पाठी बघ.

आज सकाळी सहाला दिवा लावला. मादी तिच्या कोपऱ्यात. नर जाळीला अगदी लागून, पोरांच्या बाजूला अंग करून आडवा उभा, आणि पलीकडून सात-आठ जणं जाळीच्या भोकांतून तोंड घालून टुकटुक करतायत.

जाळीची भोकं बहुतेक मोठी पडली. बारीक जाळी कुठे मिळेल, कुणाला माहितीये का?